अम्मीच्या गुडघ्यांनी आखलेली सफर

धाकटा भाऊ पंधरा वर्षांपासून अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराजवळ राहतो. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा त्याला जनाज्याला पोहोचता आलं नाही. विमान मुंबईत उतरायच्या आधीच दफनविधी उरकला होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण पुढच्याच वर्षी त्याने अम्मीचा, माझा आणि माझ्या लेकीचा व्हिसा करवून घेतला, तिकिटं पाठवली आणि फोनवर म्हणाला, "आपा, अम्मीला आरव्हीतून फिरवायचं. सगळं दाखवायचं."

आरव्ही म्हणजे चालतं घर. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एक लांबलचक खोली. तिच्यात झोपायला बिछाने, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटंसं न्हाणीघर आणि संडास. ही गाडी चालवायला तिथे साधं मोटारीचं लायसन्स पुरतं. आम्ही सात जण होतो. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं, अम्मी, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक. सात सीटबेल्ट असलेली २८ फुटी गाडी त्याने सहा रात्रींसाठी भाड्याने घेतली होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण मेच्या शेवटच्या सोमवारी तिथे मोठी सुट्टी असते आणि सगळी अमेरिका रस्त्यावर येते. म्हणून आम्ही जूनचा पहिला आठवडा धरला.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. त्यावर अकरा लाल ठिपके होते. ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली आणि मधली लहानमोठी ठिकाणं. सहा रात्री, पाच मुक्काम. मी शिक्षिका आहे, वेळापत्रक दिसलं की आधी मधली सुट्टी कुठे आहे ते बघते. या वेळापत्रकात मधली सुट्टीच नव्हती. आणि अम्मीचे गुडघे बहात्तर वर्षांचे.

"रोज गाडी हलवायची, रोज नवीन जागा. अम्मी बसणार कधी?" मी विचारलं.

"गाडीत बसूनच तर जायचंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून मी गप्प बसले. ही यादी त्याने फिरण्यासाठी केलेली नव्हती, ती कसली तरी परतफेड होती.

शेवटी यादी छाटली गेली ती माझ्यामुळे नाही, एका बोगद्यामुळे. झायनच्या पूर्वेकडच्या वाटेवर १९३० साली खोदलेला १.१ मैलांचा बोगदा आहे. त्या काळच्या मोटारी लहान होत्या. आजची उंच, रुंद गाडी आत शिरली की कमानीला लागू नये म्हणून तिला रस्त्याच्या मधोमध चालावं लागायचं आणि समोरची वाहतूक थांबवावी लागायची. त्यासाठी परवानगी, वेगळे पैसे, ठराविक वेळा. भावाने गाडीची उंची मोजली, बोगद्याचे नियम वाचले आणि नकाशावरचा ठिपका पुसला. झायन गेलं तसं त्याच वाटेवरचं ब्राइसही गेलं. उरली तीन ठिकाणं. दोन रात्री ग्रँड कॅनियन, तिथेच जमलं तर आणखी एक, मग पेजला दोन, शेवटची मॉन्युमेंट व्हॅलीत.

ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत आणि असा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांना सांगते. आरव्हीच्या सफरीत काय बघायचं हे ठरवणं सोपं, मुक्काम कुठे करायचा हेच खरं काम. कॅम्पग्राउंड म्हणजे झाडांत आखलेल्या जागा, प्रत्येक जागेत एक गाडी. काही ठिकाणी नुसती जागा मिळते. काही ठिकाणी खांबावरून वीज, नळाचं पाणी आणि सांडपाणी सोडायची मोरी, असं तिन्ही मिळतं. याला हुकअप म्हणतात. नुसत्या जागेचं भाडं कमी, हुकअपचं किती तरी जास्त. सरकारी उद्यानांतल्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा पटापट जातात. शिवाय आपल्या गाडीची लांबी ठाऊक हवी. ग्रँड कॅनियनच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. आमची २८ फुटी, म्हणून भावाने मॅदर घेतलं. उंच पाइनची झाडं, संध्याकाळी गाड्यांच्या मधून फिरणारी एल्क हरणं, भाडंही माफक. हुकअप मात्र नाही.

फिनिक्सहून निघताना एक चूक केली. फिनिक्सची उंची सुमारे ११०० फूट आणि ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सुमारे ७००० फूट. वाटेत कॉटनवूड गावाजवळ, साधारण ३३०० फुटांवर, व्हर्डे नदीकाठी एक सरकारी उद्यान आहे, तिथे वीज-पाणीही मिळतं. पहिली रात्र तिथे काढावी असं भावजयीचं म्हणणं होतं. उद्यानाचं नाव डेड हॉर्स रँच. अम्मीने नावाचा अर्थ विचारला आणि पुतण्याने जमेल तसा सांगितला. "मेलेल्या घोड्याच्या मळ्यात कोण झोपणार?" अम्मी म्हणाली. सगळे हसले, आणि एक रात्र वाचते म्हणून भावाने थेट वर जायचं ठरवलं. नावामागची गोष्ट नंतर कळली. ही जागा विकत घेण्याआधी एक कुटुंब बऱ्याच जागा बघत फिरत होतं. मुलांना विचारलं, कुठली आवडली? ती म्हणाली, ती मेलेल्या घोड्याची. एवढंच.

कोकणात समुद्रसपाटीला जन्म काढलेल्या अम्मीला एका दिवसात ७००० फुटांवर नेलं. रात्री तिचं डोकं ठणकू लागलं आणि दहा पावलं चालली तरी धाप लागायची. भावजय नर्स आहे. तिने बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला, पाणी पाजलं, उशा लावून टेकून बसवलं. घाबरण्यासारखं काही निघालं नाही, पण भाऊ रात्रभर गाडीच्या पायरीवर बसून होता. मी दोनदा त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "तू झोप, आपा." सकाळी अम्मीला बरं वाटलं. पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर मधे एक रात्र कमी उंचीवर काढा. नाव कसलंही असो.

दुसरी गडबड पाण्याची. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटरची होती. सात माणसं. तिथल्या लोकांना हे दोन दिवस पुरत असेल. आपल्याकडे पाच वेळचं वुजू आहे, इस्तिंजाला पाणी लागतंच, वर आमच्या भांड्यांना मसाला. आणि वापरलेलं पाणी कुठे जातं हा विचार कुणीच केला नव्हता. ते गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठतं, आणि ती टाकी आणखी लहान असते. दुसऱ्या दिवशी असरच्या सुमारास पुतणी ओरडली. न्हाणीघराच्या तळातून भांड्यांचं तेलकट पाणी वर येत होतं, त्यात कोथिंबिरीची पानं तरंगत होती. टाकी भरली होती. इकडे चांगल्या पाण्याचा काटा शून्याला टेकलेला.

भाऊ चिडला, भावजय गप्प, मुलं नाकाला हात लावून बाहेर. अम्मी बाहेर लाकडी बाकावर बसली होती. तिने एक प्लॅस्टिकचा मग मागवला आणि पिण्याच्या कॅनमधून तो भरून घेतला. दोन्ही नातवंडांना आणि माझ्या लेकीला समोर उभं केलं आणि एका मगात वुजू करून दाखवलं. हळूहळू, एक थेंब न सांडता. मगात पाणी उरलंही. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे आपल्या लिटरभराहूनही कमी, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं आहे. पण घरी नळ सोडून वुजू करणारी मीच. आमच्या गावात पावसाळ्यात आभाळ फुटतं आणि मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. अम्मीने तो मे महिना साठ-सत्तर वेळा काढलेला आहे. तयम्मुमचा प्रश्न लेकीने काढला, तर अम्मी म्हणाली, पाणी समोर असताना तयम्मुम कसलं? कमी वापरायचं.

त्या दिवसापासून प्रत्येक मुक्कामाला गाडी थांबली की अम्मीचा पहिला प्रश्न, "पाणी आलं का?" मुलांना त्याची गंमत वाटायची. ती इंग्रजीत बोलतात, घरात थोडं उर्दू समजतं, मराठी मात्र जवळजवळ नाही. पण हे तीन शब्द त्यांनी उचलले. नळाला पाइप जोडला की पुतण्या खिडकीतून ओरडायचा, "दादी, पाणी आलं!"

मॅदरला लागूनच ट्रेलर व्हिलेज नावाचं कॅम्पग्राउंड आहे, तिथे वीज, पाणी आणि मोरी सगळं मिळतं. कुणीतरी रद्द केलेली जागा तिसऱ्या रात्रीसाठी मिळाली. आता कुणी विचारलं तर सांगेन, नमाजी कुटुंबाने झाडांच्या मोहात पडू नये, मोरी असलेली जागा घ्यावी. भाडं जास्त जातं, पण घरात भांडण होत नाही.

ग्रँड कॅनियनबद्दल काय लिहू? २७७ मैल लांब, सुमारे एक मैल खोल, काही ठिकाणी १८ मैल रुंद. आकड्यांनी काही कळत नाही. अम्मीने काठावर उभं राहून सुबहानल्लाह म्हटलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. ज्यांच्या घरात गुडघे दुखणारं माणूस आहे त्यांना ही जागा सोयीची आहे. काठाने सपाट, फरसबंद वाट आहे, जागोजागी बाकं आहेत आणि फुकट बस दर थोड्या वेळाने येते. मोठी गाडी कॅम्पग्राउंडमध्ये सोडून बसनेच फिरावं. त्याच काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची वाट आहे. प्रत्येक मीटरला कांस्याची खूण, आणि एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. वाटेत त्या त्या काळातल्या खडकांचे तुकडे मांडलेले, हात लावून बघायचे. दरीच्या तळाचे खडक पावणेदोन अब्ज वर्षांच्या आसपासचे आहेत. नदीने दरी कोरली ती मात्र गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, म्हणजे त्या वाटेवरची पाच-सहा पावलं. अम्मी चार पावलं चालली आणि म्हणाली, "चाळीस लाख वर्षं झाली, आता बसते." माझ्या वर्गात ही वाट मी खडूने आखणार आहे.

किब्ल्याची एक गंमत सांगायला हवी. आपण महाराष्ट्रात पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. तिथे ईशान्येकडे. पृथ्वी गोल असल्याने मक्केची जवळची वाट तिकडून जाते. अम्मीला हे पटेना, ती दोन दिवस भावाकडे संशयाने बघत होती. शेवटी लेकीने टेबलावरच्या संत्र्यावर दोरा ताणून दाखवला. आणि आम्ही कोकणातले शाफई, सफरीत जुहर-असर एकत्र करतो. भावजय मराठवाड्यातली, हनफी. ती असर असरच्याच वेळेला पढते. म्हणून असरला गाडी वेगळी थांबायची. भाऊ कुरकुर न करता थांबवायचा आणि तेवढ्यात चहा व्हायचा. वेगवेगळ्या मसलकांमुळे घरात चहा वाढतो, एवढंच मी पाहिलं.

पेज गाव लेक पॉवेल या प्रचंड जलाशयाच्या काठी आहे. कोलोरॅडो नदीवर ७१० फूट उंचीचं ग्लेन कॅनियन धरण बांधून १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. आमचा मुक्काम वाहवीपच्या कॅम्पग्राउंडमध्ये होता, हुकअपसह. इथे सगळ्यांना अँटिलोप कॅनियन बघायचं होतं. ही वाऱ्यापाण्याने घासलेली अरुंद घळ आहे, वरून ऊन पडलं की भिंती केशरी होतात. जमीन नवाहो लोकांची, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. हा नियम चोख आहे आणि त्याला कारण आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा या घळीत शिरला आणि अकरा माणसं गेली. तिथल्या पावसाळ्यालाही मान्सूनच म्हणतात. आपला 'मौसम' तोच शब्द, अरबीतून निघून वाळवंटापर्यंत पोहोचलेला.

आम्ही नाव घातलं ती खालची घळ, तिथे लोखंडी शिड्या उतरायच्या होत्या. अम्मीला शक्य नव्हतं. मी थांबते म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "तू जा. मी थांबतो." अख्ख्या प्रवासात पहिल्यांदाच तो कुठे न जाता थांबत होता. मला तेव्हा लक्षात आलं की तीन दिवस तो फक्त गाडी चालवत होता, पाइप जोडत होता, टाक्या रिकाम्या करत होता. अम्मीला सगळं दाखवत होता, पण तिच्यासमोर बसलेला मी त्याला पाहिला नव्हता. ड्रायव्हरची पाठच दिसते.

घळ सुंदर होती. आम्ही दोन-अडीच तासांनी परतलो. लांबूनच दिसलं, गाडीची छत्री ताणलेली, तिच्या सावलीत दोन खुर्च्या, समोर निळं पाणी. अम्मी बोलत होती, हात हलवत, आणि भाऊ खाली मान घालून ऐकत होता. कशाबद्दल ते मला वाऱ्यावर आलेल्या एका शब्दावरून कळलं. 'जमजम'. अब्बांच्या शेवटच्या रात्री मी त्यांच्या ओठांना चमच्याने जमजम लावलं होतं. फोनवर एवढं सगळं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

मी मुलांना म्हटलं, चला, पाण्यापर्यंत जाऊन येऊ. ऊन फार होतं, मुलं कंटाळली, तरी मी त्यांना तासभर दगड वेचायला लावले.

पुढे मॉन्युमेंट व्हॅली. इथे घड्याळाचा घोटाळा आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्यातला नवाहो प्रदेश करतो. त्यामुळे राज्य न बदलता एक तासाचा फरक पडतो. पेजला तर मोबाइल कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. अम्मीच्या मनगटावरच्या घड्याळात मगरिब पावणेआठच्या आत, मोबाइलवर पावणेनऊच्या आत. भाऊ म्हणाला, नमाजसाठी सूर्य बघायचा, आणि कुठे नाव नोंदवलं असेल तर विचारायचं, घड्याळ कुणाचं?

इथे मुक्कामाचे दोन पर्याय होते. सुळक्यांच्या अगदी समोर असलेलं कॅम्पग्राउंड, पण तिथे हुकअप नाही, आणि काही मैलांवर गोल्डिंग्जचं, जिथे सगळं आहे. आम्ही आता शहाणे झालो होतो. गोल्डिंग नावाच्या जोडप्याने १९२० च्या दशकात इथे दुकान टाकलं होतं, आणि त्यांच्याच खटपटीने जॉन फोर्डने इथे 'स्टेजकोच' हा १९३९ चा सिनेमा केला, असं सांगतात. खोऱ्यातली १७ मैलांची वाट कच्ची आहे, आरव्हीला तिथे मनाई. उघड्या जीपमधून जावं लागतं. त्या हिसक्यांनी अम्मीच्या गुडघ्यांचं काय झालं असतं! या वेळी मी थांबले. अभ्यागत केंद्राच्या गच्चीवरून ते तीन तांबडे सुळके समोरच दिसतात, जीपमध्ये बसायची गरजही नाही.

नवाहो प्रदेशात दारूबंदी आहे, अम्मीला हे फार आवडलं. फ्राय ब्रेड नावाची त्यांची तळलेली पोळी खाताना मात्र विचारून घ्यावं, कारण पुष्कळ ठिकाणी ती डुकराच्या चरबीत तळतात. टपरीवरच्या बाईने न विचारता तेलाची बाटलीच उचलून दाखवली, तिला हा प्रश्न नवा नसावा. या पोळीचा इतिहास कडू आहे. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल पायी हाकलत न्यू मेक्सिकोतल्या छावणीत नेलं. तिथे शिधा म्हणून पीठ आणि चरबी मिळायची, त्यातून ही पोळी आली. १८६८ च्या तहानंतर ते परत आले. पुढे त्यांची मुलं सरकारी निवासी शाळांत घातली गेली आणि आपली भाषा बोलल्याबद्दल मार खात राहिली. दुसऱ्या महायुद्धात मात्र लष्कराला त्याच भाषेची गरज पडली, कारण तिच्यात बांधलेले सांकेतिक संदेश जपान्यांना फोडता येईनात. मी दोन भाषा शिकवून पोट भरणारी बाई आहे. गच्चीवरच्या बाकावर अम्मीला हे सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्या नातवाला कोण मारतंय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भावजयीला मी हे सांगितलेलं नाही. ती रात्रपाळी करते, आणि तिच्या घरात दोन भाषा आधीच आहेत.

त्या आठवड्यात कोरड्या हवेमुळे ग्रँड कॅनियनला शेकोटीला बंदी होती, म्हणून मुलांची मार्शमेलो भाजायची हौस राहिली होती. बाजारातल्या मार्शमेलोत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. भावजयीने फिनिक्सच्या हलाल दुकानातून आणलेली पाकिटं तशीच होती. ती शेवटच्या रात्री मुलांनी गाडीतल्या गॅसवर काटा धरून भाजली. धुराची घंटा वाजायला लागली आणि भाऊ खुर्चीवरून उठलाच नाही. "वाजू दे," म्हणाला. तो अम्मीच्या पायांना तेल लावत होता.

परतीचा रस्ता सव्वातीनशे मैलांचा. गाडी देताना तेल भरून द्यायचं, टाक्या रिकाम्या करून द्यायच्या. आरव्ही एका लिटरला चारेक किलोमीटरच जाते, हा खर्च बेत करतानाच धरावा. भाड्याच्या करारात रोजचे ठराविक मैलच धरलेले असतात, त्याच्या वरचे पैसे वेगळे. आम्ही यादी छाटली म्हणून त्या मर्यादेत राहिलो. प्लॅस्टिकचा मग अम्मीने सामानात भरला नाही, मुलांच्या न्हाणीघरात ठेवून आली.

या वर्षी मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर चार दिवसांनी येत होता. जुम्याला भावाचा व्हिडिओ कॉल आला, त्याच्या मागून पुतण्या डोकावला. सलाम वगैरे काही नाही. एकदम म्हणाला, "दादी, पाणी आलं का?"

"नाही रे बाळा," अम्मी म्हणाली, "उद्या येईल." मग मोबाइल हातात धरून तिने त्याला आमची रिकामी पिंपं एकेक करून दाखवली.